स्टेशनपासून विहारापर्यंत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. गिरणीत काम करणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढची शाळा लोकलच्या डब्यात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मी पहिल्यांदा वाचला तो खिडकीजवळ उभं राहून, दोन महिने लागले. म्हणून आज धम्माबद्दल बोलायचं तर ते मी गाडी-बसच्या निमित्तानेच बोलणार आहे. यात विनोद नाही, विषय गंभीर आहे.

आपण इथे का आलो ते आधी आठवू. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. परळ-लालबाग-वरळीच्या चाळींतली माणसं कल्याणच्या पलीकडे, तिकडे नालासोपारा-विरारला पांगली. चाळीत विहार जिन्याखाली होता. वंदना सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायची, माणूस बनियनवर खाली यायचा. इथे जागा मोठी मिळाली, विहार पक्का झाला, पण माणसं विहारापासून लांब गेली. घर इथे, काम तिथे, मधे रेल्वे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे दिवसाला आठ तास. आता हिशेब करा. घरातून स्टेशन पंचवीस मिनिटं चालत. गाडीत दीड तास. उतरून पुन्हा बस. जाऊन-येऊन चार तास. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले तास आपण रोज लोकलला देऊन येतो! मग पोराचा अभ्यास कधी घ्यायचा? विहारात कधी यायचं?

राजगृहाला गृध्रकूट पर्वतावर मगधाचा मंत्री वस्सकार भगवान बुद्धांकडे आला. वज्जींवर स्वारी करायची होती. भगवंतांनी आनंदाला विचारलेला पहिलाच प्रश्न असा, की वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात का? जमत असतील तर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही. किल्ला किती उंच, सैन्य किती, हे विचारलं नाही. जमतात का, एवढंच आधी विचारलं. हाच प्रश्न आज आपल्याला कोणी विचारला तर? वंदना सातला. शेवटची बस स्टेशनवरून ८:५० ला. आपल्या बहुतेक लोकांची गाडी येते नऊनंतर. मग म्हणायचं, समाजाला धम्माची आवड राहिली नाही! आवड आहे हो, बस नाही.

दुसरी गोष्ट. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये १९०१ ची हकीकत आहे. लहानगे भीमराव भावाभाच्यांसह वडिलांकडे कोरेगावला निघाले. रेल्वेने त्यांना मसूरपर्यंत व्यवस्थित आणलं. अडलं ते स्टेशनच्या बाहेर. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी हाकायची मुलांनीच. पुढे १९२९ ला चाळीसगावला तेच. बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. आपल्याच एका माणसाने सवय नसताना टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

आगगाडीने सगळ्यांना एका डब्यात बसवलं, हे तिचं मोठं काम. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हापासून कितीतरी सोवळं तिने मोडलं. पण स्टेशनपासून वस्तीपर्यंतचा रस्ता कोणाचा, हा प्रश्न शिल्लकच राहिला. आज रिक्षावाला जात विचारत नाही. वस्तीचं नाव ऐकतो आणि म्हणतो, "तिकडे नाय, रिकामं यावं लागतं." मुंबईत २०१४ ला पहिली मेट्रो आली, २०२५ ला भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत गेली. चांगलं झालं, आनंद आहे. पण आपल्या बहिणी रात्री साडेनऊला अंधारातून चालत येतात, हेही त्याच काळात चाललंय.

आणि एक दुःखाची गोष्ट बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. रविवारचा मुलांचा वर्ग घेणारा आपला तरुण गर्दीत दारातून पडून गेला. नाव घेत नाही, त्याची आई समोर बसली आहे. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्याच्या खिशात होती. कपाट आपण कुलूप तोडून उघडलं, पण वर्ग वर्षभर बंद राहिला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली आणि जीव गेले, तेव्हा ती माउली दोन दिवस जेवली नाही. पेपरात आकडा येतो. आपल्याकडे वर्ग बंद पडतो.

मग करायचं काय? नुसतं रडून भागणार नाही. अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या बांधवांनी डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्यांच्या सभा प्रार्थनास्थळात भरत, मोटारींची सोय तिथूनच ठरे. आपल्याला बस बंद करायची नाही, सुरू करायची आहे. पण विहार कशासाठी असतो, ते त्यांच्याकडून शिकावं.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, रोजची वंदना सातऐवजी साडेनऊला घ्यावी, पंधरा मिनिटांचीच. गाडी आपल्यासाठी थांबत नाही, विहार थांबू शकतो. दोन, तरुणांनी सात दिवस रात्री नऊ ते अकरा स्टेशनबाहेर उभं राहून वस्तीकडे किती माणसं चालत येतात ते वहीत लिहावं. तो आकडा आणि सह्या घेऊन शेवटच्या बसची वेळ वाढवून मागू. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहितीचा कायदा आहेच. तीन, बस मिळेपर्यंत रोज रात्री नऊ-वीसला तिकीट खिडकीजवळच्या दिव्याखाली जमायचं आणि सगळ्यांनी मिळून चालत यायचं. कोणी बाई एकटी येणार नाही.

पहिल्या रात्री मी उभा राहीन. सोबत एकच माणूस आला तरी आम्ही दोघं जमलो, असंच मी समजेन. वारंवार एकत्र जमण्याची सुरुवात तिथून होईल.



नमो बुद्धाय! जयभीम!