आबांची शहाण्णव वर्षे



ज्येष्ठांच्या आठवणी सांगण्यासाठी संस्थेने ही सभा ठेवली आणि आमचे आजोबा, कालकथित आबा, यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याची संधी आम्हा नातवंडांना दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आबा कधी पुढारी झाले नाहीत. तरी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या महारवाड्यात १९२१ साली जन्मलेला मुलगा २०१७ पर्यंत कसा जगला, हे विद्यार्थ्यांनी ऐकावे असे आम्हास वाटते.

आबा पंधराव्या वर्षी मुंबईस आले आणि चुलत्याच्या ओळखीने गिरणीत लागले. त्या काळी आपल्या माणसांना सूत काढण्याच्या खात्यात काम मिळे. पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे प्रवेश नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे स्पृश्य कामगारांना विटाळाची भीती! ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक म्हणून आबा सामील झाले. तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते.

ज्या १९२१ साली आबा जन्मले, त्याच साली १११ महार ही पलटण इंग्रज सरकारने मोडली होती. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आबा घरी न कळवता भरती झाले. पहिले पत्र आले तेव्हा ते वाचून दाखवायला वाड्यात कोणी नव्हते. पणजीने ते पत्र घेऊन चार कोस चालत जाऊन शिकलेला माणूस गाठला.

वायव्य सरहद्दीवरची थंडी, व्हिकर्स मशीनगनचे ओझे, हे सारे आबा हसत सांगत. ऑगस्ट १९४७ चा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज खाली येई. त्यांची पलटण पंजाब सीमा दलात होती. निर्वासितांच्या तांड्यांना सोबत करणे हे काम. आबा म्हणत, “दोन्हीकडची माणसे सारखीच रडत होती. पाणी देताना कुणी जात विचारली नाही.” ज्यांना गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यांच्या हातचे पाणी तिथे कैक जिवांनी घेतले. एवढेच सांगून ते उठून जात.

१९४९ साली ते गावी परतले. नोकरी आठच वर्षांची, म्हणून पेन्शन बसली नाही. गावाने पुन्हा येसकराची काठी पुढे केली. आबांनी ती घेतली नाही. मेलेले जनावर ओढणे बंद, दारोदार भाकरी मागणे बंद. दोन वर्षे गावात कुणी मजुरीस बोलावले नाही. आजीने गवताचे भारे विकून घर चालवले. आबांचे धाडस सांगताना आजीचे हे भारे विसरता येणार नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आबा नागपूरला होते. परत येताच घरातले देव नदीत सोडायला निघाले. पणजीने एक टाक पदराखाली धरला. सोबतची मंडळी म्हणाली, “काढून घ्या.” आबांनी घेतला नाही. म्हणाले, “बाबासाहेबांनी मला समजावले, मारले नाही. मी आईला मारून कसा शिकवू?” दोन वर्षांनी तिने स्वतःच तो टाक आबांच्या हाती दिला. डिसेंबर १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आबा तुरुंगात गेले. निरोप द्यायला पणजी वेशीपर्यंत आली होती.

आता आमच्या घरातली गोष्ट. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले आणि रक्कम भरून वीस गुंठे जमीन नव्या शर्तीने आबांच्या नावावर झाली. त्यांना दोन मुलगे, तीन मुली. शेवटच्या आजारात त्यांनी सांगून ठेवले की सातबाऱ्यावर पाचांची नावे लागली पाहिजेत. ते गेल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. वाट्याला चार गुंठे येणार, त्यात काय पिकणार? आत्यांकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यावे, सगळीकडे तशीच रीत आहे. बँकेच्या खिडकीमागे बसून अशी पत्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. खाली अंगठा बहिणीचा असतो आणि बोलतो भाऊ. हिंदू कोड बिल रखडले हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडण्यामागचे एक मोठे कारण होते. जयंतीला आम्ही हे व्यासपीठावरून सांगायचे आणि घरी बहिणीपुढे स्टॅम्प पेपर ठेवायचा? थोरल्या आत्या बैठकीत एवढेच म्हणाल्या, “जमीन तुम्हीच कसा. माझे नाव तिथे असू द्या. मी त्यांची लेक आहे.”

त्यानंतर कुणी बोलले नाही. पाचही नावे लागली. जमीन एकत्रच कसली जाते. दोन चुलतभावांनी वर्षभर आमच्याकडे येणे सोडले होते, आता येतात.

विद्यार्थी मित्रहो, आबांचे पलटणीतले डिस्चार्ज बुक आमच्या ट्रंकेत आहे. त्यावर शिक्के आहेत, तारखा आहेत. पणजीच्या चार कोसांची आणि आजीच्या भाऱ्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही. तुमच्याही घरी अशी म्हातारी माणसे असतील. येत्या सुटीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. आजोबांना विचाराल तसे आजीलाही विचारा. लिहिलेले संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्या, पुढच्या स्मरणिकेत त्यातले काही छापता येईल.