दहा पैसे किलोमीटर



यंदा गावोगावच्या बैठकांत कापसाच्या भावाच्या जोडीला आणखी एक प्रश्न कानावर आला. पोरगा म्हणतो, विजेची सायकल घ्या. दहा पैशांत किलोमीटर जाते, एका चार्जिंगला साठ किलोमीटर पळते. घ्यावी का? किंमत तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. एवढ्यात आपल्याकडे बरेच काही होते, म्हणून प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही चौघे जण दोन सायकली मिळवून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे गेलो आणि चालवून पाहिल्या.

तिकडेच का, असे कोणी विचारील. आपल्याकडची काळी रानं सपाट. तिथे कोणतीही सायकल बरी चालते. डहाणूत पश्चिमेला समुद्र, रेल्वे आणि चिकूच्या वाड्या, तर पूर्वेला चढउतार, जंगल आणि वारल्यांचे पाडे. तलासरीतून माणसे रोज हद्द ओलांडून गुजरातेत उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत कामाला जातात. लांबचे अंतर, चढ आणि हातात मजुरीचा पैसा, या तिन्ही गोष्टी एका जागी. 1945 साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तो याच मुलखात. पायी चालण्याची सवय त्या माणसांना आहे. पण सवय आहे म्हणून जन्मभर चालतच राहावे, असे थोडेच आहे?

डहाणू स्टेशनवरून गंजाडमार्गे चारोटी नाक्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, असे ठरवले. येऊन-जाऊन पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. दोन्ही सायकलींची बॅटरी सारखीच, 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तास. गुणाकार करा, 360 वॉट-तास झाले. खोक्यावर साठ लिहिलेले असो की ऐंशी, टाकीत माल एवढाच. आमच्यातला एक जण पायडल न मारता नुसत्या मुठीवर, पंचविसाच्या वेगाने गेला. दुसऱ्याने पंधराचा वेग धरला आणि सतत पायडल मारले. पहिला चारोटीला आधी पोचला, चहा पिऊन आमची वाट पाहत बसला. दुपारी परत निघालो तेव्हा समुद्राकडचा वारा तोंडावर आला. गंजाड यायच्या आत पहिल्याची बॅटरी संपली. मग पंचवीस किलोची सायकल पायाने ओढत डहाणू गाठताना त्याने दुकानदाराचा जो उद्धार केला, तो इथे मायबहिणींसमोर सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या सायकलीत डहाणूला पोचल्यावरही थोडी वीज उरली होती.

यात जादू काही नाही. सपाट डांबरी रस्त्यावर मुठीवर पंचविसाने गेले तर किलोमीटरला दहा-बारा वॉट-तास लागतात, म्हणजे 360 मध्ये तीस-पस्तीस किलोमीटर. पंधराच्या वेगाला सातच लागतात आणि पायडल मारले तर त्याहून कमी. समोरून दहाचा वारा असला तर पंचविसाच्या वेगाला हवेचा अडथळा दुप्पट होतो. चढाचे गणित निराळे. माणूस, सायकल आणि ओझे मिळून 110 किलो धरा. शंभर मीटर उंची चढायला बॅटरीतले साधारण चाळीस वॉट-तास जातात. चाळीस किलो सरकी मागे लादली तर त्यात आणखी पंधराची भर.

आता दहा पैशांकडे येऊ. ते खोटे नाही. बॅटरी भरायला चार्जरची गळती धरून 0.4 युनिट वीज लागते. युनिट आठ रुपये धरले तर सव्वातीन रुपये. तीस किलोमीटरला भागा, अकरा पैसे. पण बॅटरी काही जन्मभर टिकत नाही. लिथियमची बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिचा दम कमी होतो. पाचशे गुणिले तीस, पंधरा हजार किलोमीटर. नवी बॅटरी बारा हजारांची धरली तर किलोमीटरला 80 पैसे. विजेच्या सातपट खर्च जाहिरातीत येतच नाही! आपल्याला हा खेळ नवा नाही. हमीभाव ठरवताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज सी-2 मध्ये धरतात आणि भाव मात्र त्याखालच्या खर्चावर काढतात, तोच हा प्रकार.

रोज तीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे नऊ हजार किलोमीटर. सायकल चाळीस हजारांची आणि कर्ज बारा टक्क्यांचे धरले तर पहिल्या वर्षाचे व्याज 4,800. किलोमीटरला पन्नास पैशांच्या वर. सायकलीच्या सांगाड्याचा घसारा आणखी पन्नास. सगळे मिळून दोन रुपयांच्या जवळ गेले. तरीही मोटरसायकलला एवढे नुसते पेट्रोलच लागते. व्याज, घसारा, विमा त्यावर. म्हणजे तलासरीहून रोज कारखान्यात जाणाऱ्या मजुराला ही सायकल परवडते, मात्र बॅटरीसाठी महिन्याला सहाशे रुपये त्याने बाजूला टाकलेच पाहिजेत. नाही टाकले तर वीस महिन्यांनी सायकल भिंतीला टेकलेली दिसेल. आठवड्यातून एकदा बाजाराला जाणाऱ्याने मात्र साधी सायकलच घ्यावी. बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

लांबचा पल्ला हवा म्हणून मोठी बॅटरी मिळते. जर्मनीची बॉश कंपनी 625, 750 वॉट-तासांच्या बॅटऱ्या करते. त्या सायकली लाखांच्या घरात जातात. मोटर मात्र वाढवता येत नाही. 250 वॉटच्या आतली मोटर आणि पंचवीसच्या आतला वेग असेल तोवरच नोंदणी, लायसन लागत नाही. ओझे वाहायचेच असेल तर 1972 साली आलेली लूना आठवा. तिचीच विजेवरची बहीण फेब्रुवारी 2024 मध्ये 69,990 रुपयांना आली. दोन युनिटांची बॅटरी, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 110 किलोमीटर. तिला नंबरप्लेट आणि लायसन लागते.

आपल्या भागाचे दोन शब्द वेगळे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी बॅटरी भरू नका. उष्णतेने ती लवकर मरते. घरात सावलीला ठेवा, रात्री भरा, चार-पाच तासांत भरते. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत चाक रुतले की मोटर कितीही असो, सायकल खांद्यावरच घ्यावी लागते.

दुकानात जाल तेव्हा पल्ला किती ते विचारू नका, वॉट-तास किती ते विचारा. नव्या बॅटरीची किंमत कागदावर लिहून घ्या. मागे एक पोते टाकून गावाजवळच्या चढावर चालवून पाहू द्या म्हणावे. नाही म्हटले तर उठून या. ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी रोजचे किलोमीटर आणि चार्जिंग वहीत लिहावे आणि ती वही पुढच्या बैठकीला आणावी. आमचा हिशेब कुठे चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करू.