पहिली कादंबरी आणि मधला माणूस

(नवलेखकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी एका प्राथमिक शिक्षकाने मला एक करारपत्र दाखविले. त्याची पहिली कादंबरी प्रकाशकाकडे पोहोचवितो असे सांगून एका गृहस्थाने ‘वाचनशुल्क’ म्हणून आगाऊ रक्कम घेतली होती. वर ‘सर्व हक्क दिले’ अशा ओळीखाली सहीही घेतली होती. पुस्तक निघालेच नाही. “मोठ्या लेखकांना एजंट असतो, असे ऐकले होते,” तो खाली मान घालून म्हणाला.

त्याने ऐकले ते खोटे नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत अनेक मोठे प्रकाशक एजंटामार्फत आलेलेच हस्तलिखित पाहतात. एजंट हा तेथे लेखकाचा मुखत्यार. तो प्रकाशक शोधतो, करार ठरवितो आणि लेखकाच्या प्राप्तीतून साधारणतः शेकडा १५ दलाली घेतो. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन विमानाने भारतात आले. त्याच कादंबरीला १९९७ साली बुकर पारितोषिक मिळाले. मात्र एक खूण ध्यानात ठेवावी : लेखकाला पैसे मिळाल्यावरच सचोटीच्या एजंटाला मिळतात. वाचण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा लेखकाचा मुखत्यार नसतो.

मराठीत ही प्रथा रुजली नाही. आवृत्ती लहान, मानधन त्याहून लहान. त्यातील पंधरा टक्क्यांवर कोणाचा चरितार्थ चालावा? आपल्याकडे लेखक आणि प्रकाशक यांची गाठ थेट पडते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली रा. ज. देशमुख यांनी प्रसिद्ध केली, तेव्हा लेखक अवघ्या पंचविशीचा होता.

तेव्हा आपले मुखत्यार आपणच व्हावे. प्रथम ग्रंथालयात बसून, आपल्या जातीचे लेखन कोण छापतो ते पाहावे. त्या प्रकाशकास एक पानी पत्र, कथानकाचा गोषवारा व आरंभीची दोन-तीन प्रकरणे पाठवावीत. मूळ प्रत जवळ ठेवावी.

सही करण्यापूर्वी १९५७ चा कॉपीराइट कायदा आठवावा. लेखनाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो. हक्क लेखी करारानेच देता येतात. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्यात असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही नमूद नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात येते.

त्या शिक्षकाच्या करारपत्रात वेगळे काही नमूद नव्हते आणि तारखेला दोन वर्षे उलटून गेली होती. वकिलाने पाहून तसाच निर्वाळा दिला. गेलेले पैसे परत आले नाहीत. कादंबरी मात्र त्याची त्याला मिळाली. आता ती त्याने स्वतःच, टपालाची पावती जपून ठेवून, एका प्रकाशकाकडे पाठविली आहे.