भिंतीचा माल कुठं गेला?

माझ्या घरात एक पडकं चर्च आहे. चाळीस सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद. टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत ते ठेवलेलं असतं. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि बहुतेक सगळे एकच प्रश्न विचारतात, 'एवढी मेहनत घेतलीत, तर चांगलं उभं चर्च का नाही केलंत?' आज या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. शाळेत असल्यापासून मला छोटी मॉडेल्स करण्याचा नाद आहे. सुरुवातीला विमानं केली, मग रणगाडे. पुढं लक्षात आलं, की नुसता रणगाडा फळीवर ठेवला तर तो खेळण्यासारखा दिसतो. त्याच्याखाली रस्ता हवा, शेजारी घर हवं, घराला दार हवं. अशा सबंध देखाव्याला डायोरामा म्हणतात. माझं प्रमाण एकास पस्तीस. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा होतो आणि सात मीटर उंचीची भिंत वीस सेंटिमीटरची.

चर्चच का, तर त्याचं कारण आमचे आजोबा. ते माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले शिपाई. १९४४ सालच्या उन्हाळ्यात ही बटालियन इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथं शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि ते ठाणं घेतल्यावर मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात आहे. आजोबा त्या पुतळ्यावरून जाताना चप्पल काढून दोन क्षण उभे राहत. पण लढाईविषयी ते कधी बोलले नाहीत. आम्ही मुलं मागं लागलो की म्हणायचे, 'अरे, चालून चालून पाय सुजायचे, बाकी काय सांगायचं?'

एकच गोष्ट ते आपण होऊन सांगत. एका रात्री त्यांची तुकडी एका चर्चमध्ये मुक्कामाला होती. छप्पर पडलेलं, वर चांदणं. गावाचं नाव त्यांना कधी आठवलं नाही. पण ते म्हणायचे, 'कौलं मात्र आपल्यासारखीच होती रे. नळीची.'

आजोबा १९९३ साली गेले. निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळाला, तेव्हा मी ठरवलं, की ते चर्च करायचं.

पहिला प्रयत्न पुठ्ठ्याचा. तीन मिलिमीटरचा जाड पुठ्ठा घेतला, खिडक्या कापल्या, वरची कड कात्रीनं दातेरी केली, विटांचा रंग दिला. पायथ्याशी थोडी खडी चिकटवली. मला ते झकास वाटलं. त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या कुंपणाची भिंत पडली होती आणि ती बांधायला एक वयस्क गवंडी येत होते. पाणी प्यायला घरात आले, तेव्हा मी हौसेनं त्यांना चर्च दाखवलं. त्यांनी चारही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, 'साहेब, या भिंतीचा माल कुठं गेला?'

मला प्रश्न कळलाच नाही. ते म्हणाले, 'एवढी भिंत पडली म्हणता. मग तिचा दगड, चुना, माती कुठं आहे? हे तर मूठभर पडलंय. बाकीचा कुणी नेला का? आणि मिस्त्रीनं एवढीशी भिंत घातली कशी? ही वाऱ्यानं पडेल, तोफ कशाला लागते?'

मी पट्टी घेऊन बसलो. तीन मिलिमीटर गुणिले पस्तीस म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. सात मीटर उंच चर्चला मी अर्ध्या विटेची भिंत घातली होती! चूक कात्रीची नव्हती. मी एक पडकी इमारत करायला निघालो होतो आणि ती पडण्याआधी कशी उभी होती, याचा विचारच केला नव्हता.

मग उलट्या बाजूनं सुरुवात केली. मध्य इटलीतल्या जुन्या खेड्यांतली चर्चं कशी बांधत, ते पुस्तकांतून आणि फोटोंतून शोधलं. दगडी भिंत साधारण पाऊण मीटर जाड. आतून-बाहेरून घडीव दगडाचे दोन थर आणि मधल्या पोकळीत चुन्यात कालवलेली बारीक दगडांची भर. म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींसारखंच. छपराला लाकडी कैच्या, त्यांवर वासे, वाशांवर चपट्या विटांचा थर आणि त्यावर नळीची कौलं, एक उताणं, एक पालथं. आजोबांची आठवण बरोबर होती.

मी आधी हे चर्च कागदावर पूर्ण काढलं. दार, खिडक्या, वेदी, घंटेचा मनोरा. मग दोन सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लाद्या ओतल्या. प्लास्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही, एवढं पथ्य पाळलं की गाठी होत नाहीत. लादी ओलसर असतानाच सुईनं दगडांच्या दरजा कोरल्या. पावसाळ्याचे दिवस होते, एकेक लादी वाळायला आठवडा लागला.

आणि मग त्या चांगल्या भिंती मोडल्या. कापल्या नाहीत, हातोडीनं मोडल्या. प्लास्टर जसं तुटतं तशी कापलेली कड कधीच दिसत नाही. पण वाटेल तिथं मोडून चालत नाही. इमारत पडते त्यालाही एक रीत असते. इटलीत कॅसिनोजवळ सान पिएत्रो इन्फिने नावाचं गाव आहे. डिसेंबर १९४३ च्या लढाईत ते उद्ध्वस्त झालं. गावकऱ्यांनी नवं गाव जवळच वसवलं आणि जुने अवशेष आजही राखलेले आहेत. तिथल्या चर्चचे आणि घरांचे फोटो मी भिंग घेऊन पाहिले. कोपरे बहुधा टिकतात, कारण दोन भिंती एकमेकींना धरून असतात. मधली लांब भिंत आधी जाते. तडे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे निघतात. दोन्ही बाजूंचा रेटा शाबूत असेल तर कमान एकटीच उभी राहते. तोफगोळा भिंतीतून आरपार गेला तर आत शिरताना भोक लहान असतं आणि पलीकडं मोठा खपला उडतो.

मनोरा मी निम्म्यावर तोडला. त्यालाही कारण आहे. उंचावरून तोफांचा मारा नेमका कुठं पडतो ते पाहता येतं, म्हणून दोन्ही बाजूंचे निरीक्षक घंटेच्या मनोऱ्यात बसत आणि दोन्ही बाजूंच्या तोफा मनोऱ्यांवर डागल्या जात. देवळाची सगळ्यांत उंच जागा, तीच धोक्याची. मोठं उदाहरण माँटे कॅसिनोच्या मठाचं. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो पाडला. त्याच्या जवळच आपली चौथी भारतीय डिव्हिजन होती. पण मठ पडल्यावर जर्मन सैनिक त्या ढिगाऱ्यातच ठाण मांडून बसले आणि मेपर्यंत हटले नाहीत. उभ्या इमारतीपेक्षा पडकी इमारत लपायला बरी असते.

आता गवंड्यांच्या प्रश्नाकडं वळलो. माल. माझ्या चर्चच्या एका भिंतीचा वीस सेंटिमीटर उंच आणि बारा सेंटिमीटर रुंद भाग पडलेला होता. जाडी दोन. म्हणजे ४८० घन सेंटिमीटर. शिवाय बांधलेली भिंत मोडली की ढीग तिच्यापेक्षा मोठा होतो, कारण तुकड्यांत पोकळी राहते. दीडपट धरली तर सातशेच्या वर. चांगला पाऊण लिटरचा डबा भरून राडारोडा, फक्त त्या एका भिंतीचा! पहिल्या वेळी मी चहाच्या कपभरसुद्धा टाकला नव्हता.

ढिगातही क्रम असतो. छप्पर आधी कोसळतं, म्हणून वासे, चपट्या विटा आणि कौलं तळाशी. त्यावर भिंतीचे दगड. सगळ्यावर चुन्याची धूळ. विणकामाच्या बारीक सुईवर कागद गुंडाळून मी तेरा मिलिमीटरची तीनशे कौलं केली. धुळीसाठी पेस्टल खडू किसले. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरनं सोडला की तो ढिगात खोल मुरतो. एकदा घाई करून जास्त सोडला आणि खालचा प्लायवूड फुगून वाकला. दोन महिन्यांचं काम गेलं. पुन्हा केलं.

या सगळ्यात एक गोष्ट आपोआप घडली. ढिगातला प्रत्येक तुकडा कुठला, हे मला सांगता येऊ लागलं. हा दाराच्या चौकटीचा दगड, हे बाकाचं फळकूट, हा वेदीमागचा निळा गिलावा. भिंतीवर एक चौकोन मी जरा उजळ ठेवला, तिथं चित्र टांगलेलं होतं. त्याला आता ढिगारा म्हणवेना.

शेवटी माणसं ठेवायची वेळ आली. आधी ठरवलं होतं, दारात रणगाडा आणि खिडकीत बंदुका रोखलेले शिपाई. मॉडेल घरात तयार होतं. ठेवून पाहिलं, पण मन मानेना. आणि आजोबांच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आठवला.

ते सांगायचे, 'पहाटे खुडबुड झाली. आम्ही बंदुका उचलल्या. बघतो तर एक म्हातारी. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. ढिगातून कौलं निवडत होती. फुटलेली एकीकडं, धड एकीकडं. आपण मे महिन्यात घर शाकारताना करतो, तसंच. आम्हाला काय सांगावं लागतंय? उतरलो. हातोहात कौलं दिली, चुना हेल्मेटात भरून बाहेर टाकला. अर्धा-पाऊण तास. मग हुकूम आला, निघालो.' लहानपणी आम्हाला या गोष्टीत काहीच मजा वाटायची नाही. लढाई कुठं आहे, असं आम्ही विचारायचो.

रणगाडा काढला. एपॉक्सी पुट्टीची चार सेंटिमीटरची वाकलेली म्हातारी केली. बाह्या सरसावलेले दोन शिपाई, भिंतीला टेकवलेल्या रायफली, चुन्यानं भरलेलं एक हेल्मेट. आणि कोपऱ्यात नीट रचलेली बावीस कौलं.

काम संपल्यावर त्या गवंडी मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं. त्यांनी पूर्वीसारखंच चारही बाजूंनी पाहिलं. रचलेल्या कौलांपाशी थांबले आणि म्हणाले, 'आता लागला हिशेब. माल हाय म्हटल्यावर पुन्हा बांधता येतंय.'

माँटे कॅसिनोचा मठ पुन्हा बांधला गेला, १९६४ साली पोपनी त्याचं पुन्हा पवित्रीकरण केलं. इटलीतल्या माँटोने या गावात २०२३ साली नाईक घाडगे यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. आजोबांच्या त्या चर्चचं पुढं काय झालं, ते कळायला मार्ग नाही. पण म्हातारीनं कौलं रचून ठेवली होती, म्हणजे ती वापरायचा तिचा विचार होता, एवढं नक्की.

तेव्हा पाहुण्यांना माझं उत्तर हे, की उभं चर्च मी केलंच होतं. आधी ते पुरतं केलं, मगच मोडलं. नुसतं मोडकं करायला गेलो होतो, ते जमलं नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)