मेंदूच्या लहरी आणि माणसांचे स्वभाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी शिरूर येथे केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी एखादा हलका विषय घ्यावा, असे प्रथम मनात आले होते. परंतु एक गोष्ट फार दिवस सलते आहे. तीच आपणांपुढे ठेवते.

माझा मुलगा नोकरीनिमित्त दौंडला राहतो. माझा नातू पाच वर्षांचा झाला, तरी हाक मारली तर वळून पाहत नसे. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून घेई. मात्र मनमाडकडची गाडी केव्हा येते आणि सोलापूरकडची केव्हा सुटते, हे त्याला तोंडपाठ! मी सुनेला म्हणाले, "तू त्याच्याशी बोलत नाहीस, म्हणून तो असा झाला." ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसून पोळ्या लाटू लागली.

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, ही स्वमग्नता आहे. त्याला फिट येते की काय, अशी शंका होती, म्हणून डोक्याला बारीक तारा लावून मेंदूचा आलेख काढला. मी विचारले, "यात स्वमग्नता दिसते का?" ते म्हणाले, "नाही. ती मुलाचे वागणे पाहून, आईबापांना विचारूनच ठरवावी लागते."

मग हा आलेख म्हणजे काय, हे मी समजून घेतले. मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म खुणांनी बोलतात. लाखो पेशी एका तालात आल्या की लहर उमटते. जर्मनीतील येना गावी हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा असा आलेख प्रथम काढला. आपण डोळे मिटून स्वस्थ बसलो की सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणाऱ्या आल्फा लहरी डोक्याच्या मागील भागी स्पष्ट होतात. डोळे उघडले की त्या ओसरतात.

स्वमग्नतेत दिसणारे काही गुण थोड्याफार प्रमाणात सर्वांतच आढळतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ साली ५० प्रश्नांची एक यादी केली. बारीक आवाज चटकन जाणवतात का? गर्दीत बोलणे जड जाते का? सामान्य माणसांचे गुण सरासरी १६ च्या आसपास आले, तर स्वमग्न प्रौढांचे ३५ च्या वर. अशा गुणांचा लहरींच्या तालाशी काय संबंध आहे, हे शास्त्रज्ञ पडताळून पाहत आहेत. निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत.

ते प्रश्न वाचताना मलाच हसू आले. फडताळातला मसाल्याचा डबा कोणी हलवला तर मला चैन पडत नाही! म्हणून मी स्वमग्न ठरत नाही. ज्याचे रोजचे जगणेच अडते, त्याला मदत हवी. "थोडेफार सगळेच तसे असतात" म्हणून त्याची अडचण उडवून लावू नये.

भगिनींनो, आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे एके काळी परदेशातील विद्वानही म्हणत. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतून येते. आईच्या वागण्यातून नव्हे. विद्वानांनी टाकलेला तो दोष मी मात्र आपल्याच स्वयंपाकघरात पुन्हा उच्चारला.

मूल हाकेला ओ देत नसेल, बोटाने वस्तू दाखवीत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" असे म्हणून थांबू नका. वेळेवर डॉक्टरांना दाखवा. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दाखला व सवलती मिळू शकतात.

माझी सून आज या सभेत बसली आहे. घरात चार भिंतींआड बोलले, त्याची क्षमा चारचौघींत मागते. आपल्या शेजारी अशी आई असेल, तर तिला दोष देण्याऐवजी तासभर तिचे मूल सांभाळा.