डिझेल मोटारीच्या धुराड्यातील गाळणी : ती का तुंबते व काय करावे
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ठिबक संचाची गाळणी वेळच्या वेळी धुवा, असे मी तुम्हाला नेहमी सांगतो. आज दुसऱ्या एका गाळणीविषयी बोलणार आहे. ही गाळणी डिझेल मोटारीच्या धुराड्यात असते. तिला डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर किंवा थोडक्यात डीपीएफ म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक लागू झाले आणि डिझेलवरील मोटारी, जीप व पिकअप यांत ही गाळणी आली. आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टरांत ती नाही; परंतु भाजीपाला, दूध बाजारात नेणारी नवी गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी हा विषय समजून घेणे जरूर आहे.

गाळणीचे काम

डिझेल जळताना अतिशय सूक्ष्म काजळी तयार होते. ती श्वासावाटे फुफ्फुसात खोलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला आहे. ही काजळी अडविण्यासाठी गाळणी बसविलेली असते. तिची रचना मधमाशीच्या पोळ्यासारखी असून ती उष्णता सहन करणाऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाची असते. धूर तिच्या सच्छिद्र भिंतींतून बाहेर पडतो व काजळी आत राहते.

ठिबकच्या गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबमापकांत फरक वाढला की गाळणी तुंबली असे आपण समजतो. येथेही तसेच आहे. गाळणीच्या पुढचा व मागचा दाब मोजणारे उपकरण गाडीच्या संगणकाला खबर देते. फरक एवढाच, की ठिबकची गाळणी आपण पाण्याने धुतो, ही गाळणी स्वतःच काजळी जाळून साफ होते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. गाडी लांब पल्ल्यावर एका गतीने धावत असली की धूर तापतो व काजळी हळूहळू जळत राहते. तेवढ्याने भागले नाही तर संगणक जादा डिझेल सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. या कामास साधारणतः १० ते २० मिनिटे लागतात.

गाळणी का तुंबते?

मुख्य कारण म्हणजे तोकड्या फेऱ्या. घर ते शेत दोन किलोमीटर, शेत ते दूध डेअरी तीन किलोमीटर. इंजिन तापायच्या आतच आपण किल्ली फिरवितो. साफसफाई सुरू झाली तरी अर्धवट राहते. बाजार समितीच्या रांगेत तासभर इंजिन चालू ठेवल्यानेही काजळी साचते. टाकीत डिझेल फार कमी असल्यास अनेक गाड्यांत ही क्रिया सुरूच होत नाही. खराब इंजेक्टर, तुंबलेला हवेचा फिल्टर किंवा टर्बोमधून होणारी तेलगळती यांमुळे काजळी प्रमाणाबाहेर वाढते. अशा वेळी मूळ दोष काढल्याशिवाय गाळणी कितीही साफ केली तरी ती पुन्हा तुंबते.

दुसरा शत्रू राख. ती इंजिन ऑइलमधील घटकांपासून तयार होते आणि काजळीप्रमाणे जळत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले, कमी राख होणारे ऑइलच वापरावे. स्वस्त मिळाले म्हणून ट्रॅक्टरचे ऑइल गाडीत ओतू नये. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असल्याचा संशय आल्यास पंप बदलावा.

दिवा लागल्यावर

माझीच चूक सांगतो. माझे रोजचे येणे-जाणे वसाहत ते प्रक्षेत्र एवढेच. एके दिवशी गाळणीचा पिवळा दिवा लागला. परीक्षांचे दिवस होते. पंधरा दिवस मी तिकडे दुर्लक्ष केले. पुढे शिवारफेरीला निघालो, तर गाडी घाट चढेना. तुम्हाला गाळणी धुवायला सांगणारा मी, स्वतःची गाळणी तुंबवून बसलो होतो. म्हणून सांगतो, पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. पिवळा दिवा लागताच टाकीत पुरेसे डिझेल असल्याची खात्री करावी व मोकळ्या रस्त्यावर २० ते ३० मिनिटे एकसारख्या गतीने, इंजिनचे फेरे थोडे चढे ठेवून गाडी चालवावी. वेग किती असावा हे पुस्तिकेत पाहावे.

२. दिवा विझेपर्यंत शक्यतो इंजिन बंद करू नये.

३. दिवा विझला नाही, लुकलुकू लागला किंवा इंजिनचा दिवाही लागला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर तशीच रेटू नये. कार्यशाळेत संगणक जोडून सक्तीने रिजनरेशन करता येते. माझी गाडी याच उपायाने सुधारली. फार उशीर झाला तर गाळणी काढून यंत्राने साफ करावी लागते, नाहीतर बदलावी लागते. आणि नवी गाळणी फार महाग असते.

४. ऑइलची पट्टी पाहत जावी. साफसफाई वारंवार अर्धवट राहिल्यास डिझेल ऑइलमध्ये उतरते व पातळी वाढते. पातळी खुणेच्या वर दिसल्यास ऑइल त्वरित बदलावे.

५. साफसफाई चालू असताना धुराडे अत्यंत तापलेले असते. अशी गाडी उसाच्या पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नये. आग लागण्याचा धोका असतो.

६. गाळणी काढून तीत दाबाचे पाणी किंवा आम्ल सोडू नये. आतील नाजूक रचना कायमची खराब होते.

गाळणी कापून टाकावी का?

“कापून टाका, कटकट मिटेल,” असा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहे. शिवाय कापलेल्या गाळणीतून सुटणारी काजळी आधी आपल्याच अंगणात, आपल्या लेकरांच्या श्वासात जाते.

ज्यांची रोजची धाव पाच-सात किलोमीटरच आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावाची अर्ध्या-पाऊण तासाची फेरी जुळवून आणावी. खत, बियाणे आणणे, बँकेचे काम त्याच दिवशी उरकावे. नवी गाडी घेताना आपली रोजची धाव किती, याचाही विचार करावा. तोकड्या फेऱ्यांसाठी डिझेल गाडी सोयीची नाही.

पिकावरील रोगाचे पहिले लक्षण दिसताच उपाय केला तर खर्च थोडा येतो, हे तुम्ही जाणता. पिवळा दिवा हेही पहिलेच लक्षण आहे. तेवढे ओळखा, एवढे सांगून मी माझे भाषण संपवितो.