काठी, निधी आणि वापरणारा




दिल्लीतल्या आयआयटीत अंध व्यक्तींसाठी एक काठी तयार झाली.
तिचं नाव स्मार्टकेन.

साध्या पांढऱ्या काठीला गुडघ्याच्या वरचे अडथळे कळत नाहीत.
लोंबती फांदी… उभ्या ट्रकची मागची बाजू.
स्मार्टकेन ध्वनिलहरींनी ते ओळखते,
आणि मुठीत थरथरते.

पैसा आला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टकडून.
२०१४ साली काठी लोकांच्या हाती आली.
पण त्याआधी
अंध व्यक्तींनीच ती वापरून पाहिली.

वापरणारा संशोधनात हवा.
पुन्हा सांगते…
वापरणारा संशोधनात हवा,
आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात.

परदेशी विद्यापीठांसोबतच्या संशोधनाला
केंद्राची ‘स्पार्क’ योजना निधी देते.
प्रस्ताव लिहिताय?
मग कर्णबधिर वापरणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं मानधन
पहिल्याच मसुद्यात मांडा.
मागाहून मागितलं, तर मिळणं कठीणच!